लेडी अ‍ॅन क्लिफर्डचं गणगोत : कोण कुणाचं, आणि जमीन कुणाची

उत्तर इंग्लंडमध्ये ईडन नदीच्या काठावर अ‍ॅपलबी नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये लेडी अ‍ॅन क्लिफर्डची कबर आहे, आणि त्या कबरीवर अ‍ॅन कुठेच दिसत नाही. त्या काळच्या उमरावांच्या कबरींवर हात जोडून पहुडलेली दगडी आकृती असायची. याच चर्चमध्ये अ‍ॅनच्या आईची तशी आकृती आहे. अ‍ॅनने आपली कबर हयातीतच बांधून घेतली आणि मागच्या भिंतीवर कोरवून घेतल्या २४ ढाली. पिढ्यान्‌पिढ्या कुणाचं लग्न कोणत्या घराण्यात झालं, ते सांगणाऱ्या. पुतळ्याच्या जागी वंशावळ.

हिचा जन्म १५९० चा, मृत्यू १६७६ चा. म्हणजे एलिझाबेथ राणीच्या दरबारात वावरलेली मुलगी दुसऱ्या चार्ल्सच्या राज्यात वारली, आणि मधल्या काळात एका राजाचं मुंडकं उडालेलं तिने ऐकलं. तरीही तिच्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर राजांपेक्षा चुलते, मावश्या, दीर आणि नातू यांचीच जास्त सांगावी लागते.

सतराव्या शतकातल्या इंग्रज उमरावांची नाती वाचताना डोकं गरगरतं, याचं एक कारण त्यांची नावं. घराण्याचं आडनाव एक आणि पदवी भलतीच. क्लिफर्ड घराण्याचा प्रमुख ‘कंबरलंडचा अर्ल’ म्हणवला जायचा, रसेल घराण्याचा ‘बेडफर्डचा अर्ल’, सॅकव्हिलांचा ‘डॉर्सेटचा’, हर्बर्टांचा ‘पेम्ब्रोकचा’. बाप मेला की मुलाचं नाव एका रात्रीत बदलायचं. बाईचं तर दर लग्नागणिक. शिवाय प्रत्येक घरात एक हेन्री, एक मार्गारेट आणि एक अ‍ॅन असायचीच. मी यातून वाट काढताना प्रत्येक माणसाबद्दल एकच प्रश्न विचारते: हा जन्मला किंवा मेला तर जमीन कुणाकडून कुणाकडे जाते? उत्तर ‘कुठेच नाही’ असेल तर त्या माणसाला तूर्त बाजूला ठेवायचं. उरलेल्यांची गर्दी आटोक्यात येते.

आधी माहेर. अ‍ॅनचे आजोबा हेन्री क्लिफर्ड, कंबरलंडचे दुसरे अर्ल. त्यांची दोन लग्नं. पहिली बायको एलेनर ब्रँडन ही आठव्या हेन्री राजाची सख्खी भाची. तिची मुलगी मार्गारेट पुढे डर्बीची काउंटेस, म्हणजे अर्लची बायको, झाली. ही अ‍ॅनची सावत्र आत्या. अंगात ट्यूडर राजघराण्याचं रक्त असल्यामुळे ती गादीच्या वारसांत मोजली जायची, आणि त्याचे तिला चटकेच जास्त बसले. एलिझाबेथ राणी कधी मरणार याचं भाकीत काढवल्याचा आरोप आला आणि १५७९ मध्ये तिला नजरकैदेत टाकण्यात आलं. आजोबांची दुसरी बायको अ‍ॅन डेकर. तिचा मोठा मुलगा जॉर्ज हे आपल्या अ‍ॅनचे वडील, धाकटा फ्रान्सिस हा चुलता. या दोन सख्ख्या भावांची नावं लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

जॉर्ज अकरा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. अशा अज्ञान वारसाचं काय व्हायचं? जमीन राजाकडून मिळालेली, म्हणून वारस वयात येईपर्यंत त्याचं पालकत्व राजाकडे. ते सांभाळायला ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ नावाचं खातं होतं. (जमीनदारांच्या अज्ञान मुलांच्या मिळकती सांभाळणारं याच नावाचं खातं इंग्रजांनी पुढे हिंदुस्थानातही आणलं.) राजा हे पालकत्व दुसऱ्याला देऊ किंवा विकू शकायचा, आणि पालकाला त्या मुलाचं लग्न ठरवायचा हक्क मिळायचा. जॉर्ज गेले बेडफर्डच्या अर्लकडे. अर्लला मुली होत्या. १५७७ मध्ये धाकट्या मार्गारेट रसेलशी जॉर्जचं लग्न लागलं. पालक तोच सासरा. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

संसार मात्र धड झाला नाही. जॉर्ज होते राणीचे लाडके दरबारी आणि परवानाधारक समुद्री लुटारू. स्वतःची जहाजं काढून स्पॅनिश आणि पोर्तुगीज गलबतं लुटायची, असा धंदा. १५९२ मध्ये हिंदुस्थानातून माल भरून परतणारं ‘माद्रे दे देउस’ हे अवाढव्य पोर्तुगीज जहाज पकडलं गेलं, त्यात त्यांची जहाजं होती. १५९८ मध्ये त्यांनी प्वेर्तो रिकोतलं सान हुआन घेतलं. आपल्याशी जवळचा धागा पुढे आहे. ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली, तिच्यात पहिलं नाव याच जॉर्ज क्लिफर्डचं आहे. कंपनीच्या पहिल्या सफरीचं मुख्य जहाज ‘रेड ड्रॅगन’ हे त्यांच्याकडूनच विकत घेतलेलं. तेच जहाज १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीला पोर्तुगीजांशी लढलं. एवढं करून जॉर्जच्या पदरी काय, तर डोंगराएवढं कर्ज.

आईकडचं नातं अ‍ॅनला जास्त उपयोगी पडलं. मोठी मावशी, तीही अ‍ॅनच, वॉरिकची विधवा काउंटेस. एलिझाबेथ राणीच्या अगदी आतल्या गोटातली. तिच्या बोटाला धरून भाची दरबारात गेली. दुसरी मावशी बाथची काउंटेस. मामेभावाची बायको ल्यूसी, बेडफर्डची काउंटेस, ही पहिल्या जेम्स राजाच्या राणीची जिवलग. या बायकांच्या हाती कायद्याने फारसं काही नव्हतं. पण कुणाच्या कानात कधी काय घालायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अ‍ॅनला दोन भाऊ होते, फ्रान्सिस आणि रॉबर्ट. दोघंही लहानपणीच गेले. १५९१ पासून ती एकुलती एक. ऑक्टोबर १६०५ मध्ये वडील वारले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, आणि मृत्युपत्र उघडलं तर सगळी इस्टेट चुलते फ्रान्सिस यांच्या नावे. मुलीला १५,००० पौंड रोख. शिवाय एक कलम: फ्रान्सिसच्या वंशात पुरुष वारस उरला नाही, तर जमीन अ‍ॅनकडे परत यावी. ते कलम लिहिताना जॉर्जना ते कधी लागू होईल असं वाटलं असेल का, शंकाच आहे. धाकट्या भावाला मुलगा होता, तेरा-चौदा वर्षांचा, धडधाकट. त्याचंही नाव हेन्री.

आता कायद्याचा मुद्दा, कारण त्याच्याशिवाय पुढची भांडणं कळत नाहीत. इंग्लंडमध्ये ‘इस्टेट’ म्हणजे एक गाठोडं नसायचं. प्रत्येक जमीन आणि प्रत्येक पदवी आपापली अट घेऊन यायची. ती पहिल्यांदा दिली गेली तेव्हा सनदेत काय लिहिलं होतं, त्यावर वारस ठरायचा. दोन अटी महत्त्वाच्या. एक, ‘पुरुष वारसांकडे’: मुलगा, मुलगा नसेल तर भाऊ, पुतण्या, पण बाई नाही. दुसरी, ‘औरस संततीकडे’: आधी मुलगा, पण मुलगा नसेल तर मुलगी, आणि मुलगी असताना भावाचा नंबर लागत नाही. कंबरलंडची अर्लकी १५२५ ची, पहिल्या अटीची. ती चुलत्याकडे गेली, त्यावर वादच नव्हता. पण क्लिफर्डांच्या जुन्या जमिनी त्याहून दोनशे वर्षं आधीच्या, दुसऱ्या एडवर्डच्या काळात दुसऱ्या अटीने बांधलेल्या. आई मार्गारेटचं म्हणणं एवढंच होतं, की जी अट राजाच्या सनदेने घातली, ती माझा नवरा मृत्युपत्राने मोडूच शकत नव्हता.

ती नुसती म्हणत बसली नाही. जुने कागद शोधायला तिने माणसं लावली, शेकडो वर्षांपूर्वीच्या सनदा, निवाडे, लग्नाचे करार नकलून घेतले. त्यातून पुढे अ‍ॅनने घराण्याचे जाडजूड दप्तर तयार केलं, तीन खंडांचं. त्याची सुरुवात होते तेराव्या शतकाच्या आरंभी, वेस्टमोरलंडची जहागीर मिळालेल्या रॉबर्ट द व्हेटेरीपाँटपासून. या घराण्यात पुढे मुलगे संपले. मुली उरल्या, त्यांतल्या इझाबेलाने रॉजर द क्लिफर्डशी लग्न केलं. म्हणजे क्लिफर्डांकडे वेस्टमोरलंड आलं ते मुळातच एका बाईच्या हातून. चुलत्याच्या वकिलांना दाखवायला याहून चांगला दाखला कुठला?

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडेल. मुलगा नव्हता, तर जॉर्जनी दत्तक का घेतला नाही? कारण त्यांना ते करताच येत नव्हतं. आपल्याकडे सरदार घराण्यांत दत्तक हा रूढ उपाय होता. इंग्लंडच्या कायद्यात दत्तकाची सोय आली थेट १९२६ मध्ये. वारस रक्ताचाच हवा. त्यामुळे तिथे प्रत्येक बाळाच्या आजारपणावर चार घरांची नजर लागलेली असायची.

फेब्रुवारी १६०९ मध्ये अ‍ॅनचं लग्न रिचर्ड सॅकव्हिलशी झालं. नवरा एकोणीस वर्षांचा, बाप मरणाच्या दारात. लग्नानंतर दोनच दिवसांनी सासरे गेले आणि अ‍ॅन डॉर्सेटची काउंटेस झाली. घाई का, ते वर आलंच आहे: बाप आधी मेला असता तर अज्ञान रिचर्डचं लग्न ठरवायचा हक्क राजाकडे गेला असता. रिचर्ड दिसायला राजबिंडा, कपड्यांचा आणि जुगाराचा शौकीन, आणि कायम पैशाच्या ओढीत. बायकोच्या उत्तरेतल्या दगडी गढ्यांमध्ये त्याला काडीचा रस नव्हता. त्याला हवी होती तडजोड, म्हणजे रोकड.

लग्न झालेल्या बाईचं कायद्यात वेगळं अस्तित्व नसायचं. तिची जमीन नवरा वहिवाटायचा. पण जमीन कायमची सोडून द्यायची तर तिची संमती लागायची, तीही तिने दबावाखाली दिलेली नाही याची खात्री करून घेऊन. ही एवढीशी फट. अ‍ॅनने आयुष्याची बारा-पंधरा वर्षं त्या फटीत पाय रोवून काढली.

चुलत्याची बाजू भक्कम होती. त्यांनी मुलाचं, हेन्रीचं, लग्न १६१० मध्ये फ्रान्सिस सेसिलशी लावून दिलं. तिचे वडील रॉबर्ट सेसिल हे राजाचे सर्वांत ताकदवान मंत्री, आणि कोर्ट ऑफ वॉर्ड्सचे प्रमुखही. असा व्याही कोण सोडतो? १६१६ मध्ये अ‍ॅनवर सगळीकडून मारा झाला. कँटरबरीचे आर्चबिशप स्वतः समजूत घालायला आले. नवऱ्याने दोन वर्षांच्या मुलीला, मार्गारेटला, तिच्यापासून दूर नेलं. त्याच मे महिन्यात आई वारली. मायलेकींची शेवटची भेट २ एप्रिलची, ब्रूमच्या गढीजवळच्या रस्त्यावरची. तिथे चाळीस वर्षांनी अ‍ॅनने एक स्तंभ उभारला आणि दरवर्षी त्या दिवशी गावातल्या गरिबांना ४ पौंड वाटायची सोय करून ठेवली. आई गेली तशी जमिनीची बाजूही ढासळली. विधवा म्हणून वेस्टमोरलंडचं उत्पन्न हयातभर आईकडे होतं, तोवर चुलत्याला तिथे शिरता येत नव्हतं.

जानेवारी १६१७ मध्ये प्रकरण थेट राजापुढे गेलं. जाण्याआधी राणीने अ‍ॅनला बाजूला घेऊन सांगितलं, सगळं राजावर सोडू नकोस, फसशील. (राणीनेच हे सांगावं, यातच काय ते आलं.) जेम्सने सांगितलं, निवाडा माझ्यावर सोपवा. नवरा तयार, चुलता तयार, चुलतभाऊ तयार. अ‍ॅन म्हणाली, वेस्टमोरलंड मी जिवंत असेतो सोडणार नाही. मार्चमध्ये राजाने तिला वगळूनच निवाडा दिला: जमीन चुलत्याला, २०,००० पौंडांची भरपाई तिच्या नवऱ्याला. पण फ्रान्सिसचा पुरुषवंश खुंटला तर जमीन अ‍ॅनकडे, हे कलम तिथेही राहिलं.

नवरा १६२४ मध्ये वारला. तीन मुलगे तान्हेपणीच गेले होते, दोन मुली उरल्या, मार्गारेट आणि इझाबेला. मुलगा नाही म्हणून डॉर्सेटची अर्लकी आणि नोल हा प्रचंड वाडा दिराकडे गेला. दीर एडवर्ड सॅकव्हिल. त्याला अ‍ॅन उघड शत्रू मानायची. नोलचा हा हिशेब पुढेही चुकला नाही. १९२३ मध्ये अ‍ॅनची रोजनिशी छापून आणणारी व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट याच दिराच्या वंशातली. नोलमध्ये जन्मलेली एकुलती एक मुलगी. १९२८ मध्ये तिचे वडील गेले आणि वाडा तिच्या चुलत्याकडे गेला.

१६३० मध्ये, चाळिशीत, देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा घेऊन अ‍ॅनने दुसरं लग्न केलं. फिलिप हर्बर्ट, पेम्ब्रोकचा अर्ल, राजाच्या महालाचा मुख्य कारभारी. हा कवयित्री मेरी सिडनीचा मुलगा. १६२३ मध्ये शेक्सपिअरची नाटकं पहिल्यांदा एकत्र छापली गेली, तो ग्रंथ ज्या दोन भावांना अर्पण केला त्यातला धाकटा हाच. याची पहिली बायको सुझन. सुझनचा मामा कोण, तर रॉबर्ट सेसिल. म्हणजे अ‍ॅनच्या शत्रुपक्षातली ती फ्रान्सिस सेसिल ही अ‍ॅनच्या दिवंगत सवतीची मामेबहीण. त्या वर्तुळात एकमेकांचे नातलग नसलेले दोन उमराव शोधणं खरंच अवघड होतं. नातं होतं म्हणून कुणी कुणाची गय करायचं, असं मात्र नाही.

दुसऱ्या संसारात दोन मुलगे झाले, दोघंही अपुऱ्या दिवसांचे, जगले नाहीत. पुढे फिलिपने इझाबेलाला आपल्या पहिल्या बायकोच्या धाकट्या मुलासाठी मागणी घातली. अ‍ॅन नाही म्हणाली, आणि नवरा-बायको वेगळे राहू लागले. नोल आणि फिलिपचा वाडा विल्टन, इथल्या संगमरवरी खांबांखाली आपण दुःखच भोगलं, असं तिने पुढे लिहून ठेवलं.

आणि मग मृत्यूंची रांग वळली. १६४१ मध्ये चुलते फ्रान्सिस गेले. हेन्री पाचवा अर्ल झाला, आणि डिसेंबर १६४३ मध्ये यॉर्कला तोही गेला. त्याचे मुलगे बाळपणीच वारले होते. उरली एकटी मुलगी एलिझाबेथ. म्हणजे हेन्रीच्या घरी नेमकी तीच परिस्थिती, जी १६०५ मध्ये जॉर्जच्या घरी होती. कंबरलंडची अर्लकी त्या दिवशी संपली, कारण पुरुष उरलाच नाही. जमीन त्या जुन्या कलमानुसार अ‍ॅनकडे आली. अडतीस वर्षांनी. कुठल्याही कोर्टाने तिला ती दिली नाही. ती जगली आणि बाकीचे मेले, एवढंच.

एलिझाबेथही रिकाम्या हाती राहिली नाही. लंड्सबरो आणि बोल्टन अ‍ॅबी या इस्टेटी तिला मिळाल्या. तिचा नवरा रिचर्ड बॉयल हा कॉर्कचा अर्ल. वायूच्या दाबाचा नियम शाळेत आपण ज्याच्या नावाने पाठ केला, त्या रॉबर्ट बॉयलचा सख्खा थोरला भाऊ. त्यांच्या वंशातली मुलगी पुढे डेव्हनशरच्या ड्यूकच्या घरात गेली, म्हणून बोल्टन अ‍ॅबी आजही त्या घराण्याकडे आहे. पदवीची गंमत तर आणखी पुढची. क्लिफर्डांची १२९९ ची जुनी बॅरनकी (अर्लकीहून खालची पदवी) मुलीकडे जाऊ शकणारी होती, म्हणजे अ‍ॅनच्या मते तिचीच. पण १६२८ मध्ये हेन्रीला ‘लॉर्ड क्लिफर्ड’ म्हणून पार्लमेंटात बोलावलं गेलं, त्याच्या वडिलांकडे ती बॅरनकी आहे असं गृहीत धरून. ती नव्हती. पण बोलावणं तर गेलं होतं! म्हणून त्या चुकीतून एक नवीनच बॅरनकी जन्माला आली, आणि ती एलिझाबेथकडे गेली.

अ‍ॅनला जमीन मिळाली तेव्हा राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटलेली होती. तिचा नवरा पार्लमेंटच्या बाजूला, मोठा जावई राजाच्या. स्किप्टनची गढी राजाच्या बाजूने तीन वर्षं लढली. अ‍ॅन लंडनमध्ये अडकून पडली. १६४६ मध्ये तिने एक भलंमोठं चित्र काढवून घेतलं, तीन फळ्यांचं. मधोमध आई-वडील आणि दोघं भाऊ, डावीकडे पंधरा वर्षांची अ‍ॅन, उजवीकडे छप्पन वर्षांची. मधली एक्केचाळीस वर्षं, दोन्ही नवऱ्यांसकट, गाळलेली. नवरे आहेत, पण भिंतीवर टांगलेल्या छोट्या तसबिरींत.

१६४९ मध्ये ती उत्तरेला गेली आणि तिथलीच झाली. स्किप्टन, अ‍ॅपलबी, ब्रूम, ब्रफ, पेंड्रॅगन: पडक्या गढ्या एकेक करून दुरुस्त केल्या. पैसा कुठून आला? दोन्ही लग्नांच्या करारांत, नवरा गेल्यावर तिला आयुष्यभर ठरावीक जमिनींचं उत्पन्न मिळावं, अशी तजवीज होती. फिलिप १६५० मध्ये वारला, तेव्हापासून ती दुहेरी विधवा होती आणि दोन्हीकडचं उत्पन्न घेत होती. सॅकव्हिल आणि हर्बर्ट यांच्या पैशावर क्लिफर्डांच्या भिंती चढल्या. वेस्टमोरलंडचं वंशपरंपरागत शेरीफपदही तिच्याकडे आलं, आणि ते तिने मिरवलं. कुळांशी खंडावरून खटले भरले, तेही हौसेने. बापाच्या मृत्युपत्राशी भांडलेली ही बाई कुळांच्या बाबतीत मुळीच मऊ नव्हती.

मार्च १६७६ मध्ये ब्रूमच्या गढीत, ज्या खोलीत वडील जन्मले आणि आई वारली त्याच खोलीत, ती गेली. इझाबेला आणि तिची मुलं संपली. मार्गारेटचं लग्न थॅनेटच्या अर्लशी, टफ्टन घराण्यात झालेलं. तिचे चार मुलगे एकामागून एक अर्ल झाले. त्यातल्या चौथ्याला, थॉमसला, १६९१ मध्ये ती १२९९ ची बॅरनकी अधिकृतपणे मिळाली. आजीचा दावा खरा ठरला.

या थॉमसचेही मुलगे जगले नाहीत. मागे राहिल्या पाच मुली. १७२९ मध्ये तो वारला तेव्हा अर्लकी आणि उत्तरेतली जमीन गेली पुतण्याकडे. बॅरनकी मुलींकडे जाऊ शकत होती, पण इंग्रज कायद्यात मुलींमध्ये थोरली-धाकटी धरत नाहीत, सगळ्यांचा हक्क सारखा, आणि पदवीचे पाच तुकडे तर होत नाहीत. मग ती बेवारशी पडून राहते, राजा एकीची निवड करेपर्यंत. पाच वर्षांनी, १७३४ मध्ये, ती तिसऱ्या मुलीला मिळाली. तिचंही नाव मार्गारेट.